कोऱ्या ईसीयूत आकडे भरताना

बाजारातून आणलेला स्वतंत्र ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कारभार पाहणारा छोटा संगणक, गाडीला बसवला की ताकद वाढलीच, असा समज कोल्हापुरातल्या हौशी मंडळींत अजून बराच पसरलेला आहे आणि तो दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. ईसीयू ताकद देत नाही. इंजिनात किती हवा गेली याचा तो हिशेब करतो, त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल देण्यासाठी इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची ते कॉइलला सांगतो. या तिन्ही कामांसाठी लागणारे आकडे कंपनीच्या ईसीयूत अभियंत्यांनी प्रदीर्घ चाचण्या घेऊन भरलेले असतात. आपल्या हातात येतो तो मात्र कोरा असतो, आणि भरलेला आकडा चुकीचा आहे की बरोबर, हे त्याला स्वतःहून कळत नाही.

आमच्या हाताखालची गाडी म्हणजे मारुती एस्टीम, १२९८ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन, बोअर ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर. हेडचे पोर्ट मोठे केलेले, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेले आणि व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारा कॅम बसवलेला, असे तिचे स्वरूप आहे. मूळ ईसीयूतील तक्ते मूळ कॅमसाठी आखलेले असल्याने हे इंजिन त्याच्यावर आयडललाही, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभ्या गाडीतही, धड चालत नव्हते, म्हणून आम्ही स्पीडुइनो या मुक्तस्रोत ईसीयूकडे वळलो. हौशी माणसाने स्वतः जुळवून स्वतःच ट्यून करायच्या ईसीयूची वाट २००१ साली ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्विर्टने मोकळी केली. स्पीडुइनो हा त्याच वाटेवरचा, आर्डुइनो मेगा या तयार मिळणाऱ्या सर्किट बोर्डावर उभा राहिलेला पुढचा प्रयत्न आहे. हॉलटेक, लिंक, मोटेक यांसारख्या नावाजलेल्या ईसीयूंत सोयी कितीतरी अधिक असतात, पण त्यांतही आकडे भरावेच लागतात आणि ते भरण्याचा क्रमही बदलत नाही.

यांत्रिक कामासाठी कोल्हापूरसारखे गाव नाही, हे मी अभिमानाने लिहितो. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग, हेड सरफेसिंग, क्रँक ग्राइंडिंग ही सगळी कामे हाकेच्या अंतरावर होतात, आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमुळे धातूची जाण इथल्या माणसांच्या हातात मुरलेली आहे. शतांश मिलिमीटरवर वाद घालणारे टर्नर आपल्याकडे आहेत. तीच शिस्त लॅपटॉपवरच्या आकड्यांना लावली, तर ट्यूनिंगसाठी दरवेळी बाहेरगावचा माणूस शोधावा लागणार नाही.

सुरुवात क्रँकच्या चकतीपासून होते, कारण पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला तिच्याशिवाय समजत नाही. आम्ही छत्तीस दातांची, त्यातला एक दात कमी असलेली चकती लेझरने कापून घेतली आणि ती क्रँक पुलीच्या मागे बसवली. दर दोन दातांमध्ये दहा अंशांचे अंतर असते आणि रिकामी जागा हीच चकतीची खूण असते. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी ती पुलीवर बसवून दिली, त्यांनी बोल्ट आवळण्याआधीच मला थांबवले. "साहेब, घाई नको. आधी डायल लावून रनआउट बघू, मग आवळू," असे म्हणून त्यांनी चकती हाताने सावकाश फिरवली आणि डायलचा काटा जिथे हलला तिथे खडूने खूण केली. त्यांचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते. चुंबकीय पिकअप म्हणजे व्हीआर सेन्सर आणि दाताचे टोक यांच्यात साधारण पाऊण ते एक मिलिमीटर अंतर ठेवावे लागते. चकती वाकडी फिरली, म्हणजेच रनआउट असला, तर ते अंतर प्रत्येक फेरीत कमी-जास्त होते, त्याबरोबर सिग्नलचा व्होल्टेजही वरखाली होतो आणि वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) ईसीयूची दातांची मोजणी चुकू लागते.

व्हीआर सेन्सरच्या दोन तारांची पोलॅरिटी हा याच कामातला दुसरा नाजूक भाग आहे. दात समोरून जाताना सिग्नल आधी वर चढतो आणि मग एकदम खाली उतरतो; दाताच्या मधोमध शून्यातून जाणारी ही खडी उतरंड ईसीयूने पकडायची असते. तारा उलट जोडल्या तर तो भलतीच बाजू धरतो, रिकाम्या जागेजवळच्या नोंदी वेड्यावाकड्या येतात आणि इंजिन सुरू झाले तरी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, आरपीएमबरोबर सरकत राहते. म्हणून टूथ लॉग नावाची नोंद उघडून दातांमधले चौतीस कालावधी जवळपास सारखे आणि पस्तिसावा, रिकाम्या जागेचा, दुप्पट दिसतो की नाही, हे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. त्यानंतर पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याचे स्थान, शोधावा, ईसीयूमध्ये टायमिंग टीडीसीच्या आधी दहा अंशांवर स्थिर ठेवावे आणि टायमिंग लाइटने पुलीवर तेच दहा अंश दिसतात का ते आयडलला आणि पुन्हा चार-साडेचार हजार आरपीएमला तपासावे. दोन्ही ठिकाणी खूण जागची हलली नाही, तरच स्क्रीनवरचा टायमिंगचा आकडा खरा मानता येतो. ही तपासणी कंटाळवाणी वाटली तरी तिच्याविना ठिणगीच्या तक्त्याला हात लावणे मला धोक्याचे वाटते.

सेन्सरांपैकी मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर, सर्वांत महत्त्वाचा. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली की त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून काहीसे उंच असल्यामुळे इथे तो दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. इथे अनेकांची गल्लत होते, कारण मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावर १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे १०१ किलोपास्कल असा आकडा दिसतो आणि सेन्सर सहा किलोपास्कलने कमी दाखवतो असे समजून त्याचे कॅलिब्रेशन बदलले जाते. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला धरून रूपांतरित केलेला असतो. उद्यमनगरातल्या रस्त्यावर खरोखर असलेला दाब तो नव्हे. सेन्सर बरोबर असतो, आणि त्याला 'दुरुस्त' केल्याने पुढचा सगळा हिशेब सहा टक्क्यांनी चुकतो.

हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठे बसवला आहे यावरही बरेच काही अवलंबून असते. एप्रिल-मेच्या दुपारी गाडी बंद करून उभी ठेवली की बॉनेटखालची उष्णता मॅनिफोल्डमध्ये मुरते आणि तिथे बसवलेला सेन्सर ६५ अंश दाखवू लागतो, वास्तविक आत येणारी हवा ४० अंशांचीच असते. ६५ अंशांची हवा विरळ असते असे धरून ईसीयू पेट्रोल कमी करतो, आणि केल्व्हिनमध्ये हिशेब केला तर ही कपात साडेसात टक्क्यांच्या आसपास भरते. गरम इंजिन पुन्हा सुरू करताना ते अडखळते त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. आम्ही तो सेन्सर थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, अलीकडे, फिल्टरजवळच्या नळीत बसवला आणि कमी आरपीएमला तापमानाची दुरुस्ती सौम्य ठेवली.

आता पेट्रोलकडे येतो. आपल्याकडच्या पंपांवर मिळणारे पेट्रोल आज वीस टक्के इथेनॉल मिसळलेले आहे, आणि ज्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उसाच्या मळीपासून इथेनॉल तयार होते, त्या जिल्ह्यात बसून ट्यूनिंग करणाऱ्याने याचा विचार केलाच पाहिजे. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो पुरते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणासाठी तो आकडा १३.५ च्या जवळ येतो. जुन्या लेखांत वाचलेले १२.५ किंवा १३ चे लक्ष्य डोळे मिटून उचलले तर मिश्रण अपेक्षेपेक्षा लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेले, होण्याचा धोका राहतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे लॅम्डा या एककात काम करणे. इंधन कोणतेही असो, हवा आणि इंधन यांचा अचूक मेळ म्हणजे लॅम्डा १. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८७ ते ०.९० च्या आसपास ठेवावे, संथ व स्थिर चालीत १ च्या जवळ ठेवावे. सायलेन्सरच्या पाइपमधला वाइडबँड सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो, हवा-इंधनाचे गुणोत्तर हा त्याच्या गेजने केलेला गुणाकार असतो.

त्या वाइडबँड सेन्सरचेही ऐकण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते. पाइपच्या जोडातून हवा आत ओढली जात असेल तर तो लीन दाखवतो. एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असेल, म्हणजे मिश्रण पेटतच नसेल, तरीही तो लीनच दाखवतो, कारण न जळलेल्या हवेतला ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोचतो. अशा वेळी पेट्रोल वाढवत जाणारा माणूस मिसफायर आणखी वाढवतो. गेजची अर्थ (अर्थिंगची) तार आणि ईसीयूची अर्थ तार वेगवेगळ्या ठिकाणी जोडल्या असतील, तर शून्य ते पाच व्होल्टच्या सिग्नलमध्ये ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो आणि गेजवर एक आकडा, लॅपटॉपवर दुसराच, अशी स्थिती होते. आम्ही सर्व सेन्सरांच्या अर्थ तारा ईसीयूवर एकाच ठिकाणी आणल्या आणि कॉइलची अर्थ तार थेट इंजिन ब्लॉकवर नेली. वायरिंगवर खर्च होणारा वेळ पाहून लोक अधीर होतात, पण ट्यूनिंगच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात असे माझे मत आहे.

इंधनाचा हिशेब कागदावर एकदा तरी करून पाहावा, म्हणजे स्क्रीनवरचे आकडे परके वाटत नाहीत. आमच्या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ सीसी आहे. ९५ किलोपास्कल दाब आणि ३० अंश तापमान असताना तो पूर्ण भरला तर त्यात सुमारे ०.३५ ग्रॅम हवा मावते. लॅम्डा ०.८८ ठेवायचा असेल, तर त्या हवेला वीस टक्के इथेनॉलवाले पेट्रोल सुमारे ३० मिलिग्रॅम लागते. मिनिटाला २४० सीसी सोडणारा इंजेक्टर दर मिलिसेकंदाला अंदाजे ३ मिलिग्रॅम देतो, म्हणजे तो दहा मिलिसेकंद उघडा राहिला पाहिजे. ७००० आरपीएमला चार स्ट्रोकचे एक चक्र १७ मिलिसेकंदांत संपते, तेव्हा हा इंजेक्टर आपल्याला पुरतो आणि वर थोडी शिल्लकही राहते. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे इंजेक्टर राबवू नये, हा सर्वमान्य संकेत आहे.

या हिशेबात इंजेक्टरचा डेड टाइम मिळवावा लागतो. वीज मिळाल्यापासून सुई प्रत्यक्ष उचलली जाईपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वाढतो. पूर्ण थ्रॉटलवर दहा मिलिसेकंदांत ०.२ मिलिसेकंदाची चूक खपून जाते, पण आयडलला डेड टाइम वगळून इंजेक्टर उघडा राहण्याचा सगळा वेळच दोन मिलिसेकंदांचा असतो आणि तीच चूक दहा टक्क्यांची होते. आयडल व्यवस्थित चालू असताना हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा एकदम लावून पाहावा. व्होल्टेज उतरताच लॅम्डा सरकला, तर डेड टाइमचा तक्ता चुकला आहे असे समजावे आणि सिलिंडर किती भरतो ते सांगणाऱ्या व्हीईच्या तक्त्याला हात न लावता तोच आधी नीट करावा.

त्यानंतर येतो व्हीईचा तक्ता, ज्यात एका बाजूला आरपीएम आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब मांडलेला असतो व प्रत्येक घरात सिलिंडर किती टक्के भरतो त्याचा आकडा असतो. स्पीडुइनोमध्ये तो सोळा बाय सोळा घरांचा आहे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, थ्रॉटल स्थिर ठेवून, एकेका घरात थांबत लॅम्डा वाचायचा आणि आकडा त्याच प्रमाणात कमी-जास्त करायचा, ही पद्धत संथ असली तरी खात्रीची आहे. ट्यूनरस्टुडिओ या लॅपटॉपवरच्या ट्यूनिंग प्रोग्रॅममधली स्वयंचलित दुरुस्ती उपयोगी पडते. मात्र तिने दिलेला तक्ता त्रिमितीत पाहून एखादे घर शेजारच्यांपेक्षा विनाकारण उंच वा खोल झाले असेल, तर ते हाताने सपाट करावे, कारण सिलिंडरमध्ये हवा भरण्याचे प्रमाण असे अचानक उड्या मारत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर द्यावे लागणारे जादा पेट्रोल आणि थंडीतली सुरुवात ही कामे हा तक्ता बसल्यावरच हाती घ्यावीत.

मोठ्या कॅमचे आयडल हा स्वतंत्र विषय आहे. मूळ कॅमवर आयडलचा दाब ३५ किलोपास्कलच्या आसपास असतो, या कॅमवर तो ५५ पर्यंत चढतो आणि सतत थरथरतो. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहत असल्याने जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो, ते अधूनमधून नीट पेटत नाही आणि न वापरलेल्या ऑक्सिजनमुळे सेन्सर खोटा लीन दाखवतो. इथे लॅम्डा १ चा हट्ट धरला तर इंजिन थांबते. आम्ही आयडलला क्लोज्ड लूप, म्हणजे लॅम्डा पाहून पेट्रोल आपोआप बदलण्याची सोय, बंद ठेवला, मिश्रण किंचित रिच (पेट्रोल जास्त असलेले) केले, टायमिंग सोळा-सतरा अंशांवर नेले आणि आकड्यापेक्षा इंजिनाच्या स्थिरतेकडे पाहून थांबलो.

ठिणगीचा तक्ता मात्र वेगळ्या वृत्तीने हाताळावा लागतो. इंधनात झालेली चूक लॅम्डा सेन्सर दाखवतो, पण टायमिंग जास्त झाले हे कोणताही गेज दाखवत नाही. ते पिस्टनच्या माथ्यावर उमटते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. जळण्याचा सर्वोच्च दाब टीडीसीनंतर साधारण १५ अंशांवर आला की टॉर्क सर्वाधिक मिळतो, आणि त्यासाठी ठिणगी किती आधी पाडायची हे डायनोवरच, म्हणजे गाडी जागच्या जागी धावती ठेवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावरच, कळते. आम्ही गाडी त्यासाठी पुण्याच्या एका वर्कशॉपमधील डायनोवर नेली. मुद्दाम कमी टायमिंगने सुरुवात करून एका आरपीएमला गाडी धरायची, दोन दोन अंश वाढवत टॉर्क पाहायचा आणि वाढ थांबली की तिथून मागे यायचे, अशी ती रीत. शिखराजवळ टॉर्कची रेघ जवळजवळ सपाट असते, त्यामुळे दोन अंश मागे घेतल्याने ताकद एखाद्या टक्क्याच्या आतच घटते, पण नॉकपासूनचे, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून पिस्टनला धक्के बसण्यापासूनचे, अंतर मोलाचे वाढते. रेसच्या गाडीवरही मी ते दोन अंश कधीच सोडणार नाही.

नॉक कानाने ऐकण्याची सोयही करून ठेवावी. त्याचा स्वर सिलिंडरच्या बोअरवर ठरतो. ७४ मिलिमीटरच्या बोअरला तो साधारण पावणेआठ किलोहर्ट्झचा येतो. ब्लॉकला घट्ट बसवलेला नॉक सेन्सर, त्याचा सिग्नल त्या पट्ट्यात वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि कानावर हेडफोन, एवढ्यावर टॅपेटचा आवाज आणि नॉकचा कोरडा कडकडाट वेगळे ओळखता येतात. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे नॉक टाळण्याची इंधनाची क्षमता, वाढतो आणि आत येणारे मिश्रणही थंड होते, त्यामुळे वाढवलेले कॉम्प्रेशन आमच्या इंजिनाने चांगले पेलले. मात्र इथेनॉल पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळ्यात टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलवर ट्यूनिंग करू नये.

ही सगळी कामे भर रस्त्यावर करायची नाहीत, हे स्पष्ट लिहिलेले बरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला दंडाची तरतूदही आहे. आमची एस्टीम बंदिस्त ट्रॅकवरच धावते आणि तिथवर ट्रकवर चढून जाते.

ट्रकवरून ती कोकणात उतरते तेव्हा मात्र एक नवीन प्रश्न उभा राहतो. कोल्हापुरात आणि पुण्यात पूर्ण थ्रॉटललाही मॅप सेन्सर ९५ च्या वर जात नाही, कारण बाहेरची हवाच तेवढी आहे. तक्त्यातील शंभरची रांग आम्ही ट्यून केलेलीच नसते, ती नुसती भरलेली असते. आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या बाजूला आलो की दाब १०१ होतो, सिलिंडरमध्ये सहा टक्के हवा अधिक शिरते आणि इंजिन नेमके त्या अनोळखी रांगेत, सर्वांत जास्त भाराखाली काम करू लागते. म्हणून ती रांग आम्ही मोकळी सोडली नाही. व्हीईचा आकडा खालच्या रांगांचा कल पाहून वर चढवला, लॅम्डाचे लक्ष्य ०.८६ केले आणि टायमिंग ९५ च्या रांगेपेक्षा दोन अंश कमी ठेवले. खाली पोचल्यावर पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलवर, दुसरी हेडफोन लावून पूर्ण थ्रॉटलवर काढतो, मग लॉग उघडून शंभरच्या रांगेतले लॅम्डाचे वाचन पाहतो आणि तिथला आकडा त्या प्रमाणात बदलून फाइल तारीख, ठिकाण आणि दाब लिहून वेगळ्या नावाने जतन करतो.